मुलगा अठराचा झालाय, फॅमिली व्हिसात बसेल का? सोलापूरकर पालकांचे नेहमीचे प्रश्न

घरात दोन पोरं, धाकटं सातवीत, थोरलं बारावीत किंवा एफवायला, आणि नवरा-बायकोपैकी एकाचे परदेशी स्थायिक व्हायच्या अर्जाला लागणारे पॉइंट्स कसेबसे जमत आलेत, अशा घरांमधून हे प्रश्न येतात. सातवीतल्याची काळजी कुणी करत नाही, करायचं कारणही नाही. प्रश्न असतो थोरल्याचा. खालची उत्तरं मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या अर्जांची आहेत, कारण सोलापुरातून बहुतेक फायली तिकडेच जातात. बाकी देशांचं थोडक्यात सांगितलंय. नियम बदलतात, फी तर सारखीच बदलते, म्हणून अर्ज भरायच्या आठवड्यात त्या सरकारच्या संकेतस्थळावर सगळं एकदा ताडून घ्या.

१८ पूर्ण झाली म्हणजे मुलगा हातचा गेला का?

नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की काही पालक मुलाचं नावच फॉर्ममध्ये घालत नाहीत. कॅनडात २२ पूर्ण होईपर्यंतचं अविवाहित मूल तुमच्या अर्जात अवलंबित म्हणून बसतं. ऑस्ट्रेलियात २३ पूर्ण होईपर्यंत बसतं, पण १८ नंतर ते खरोखर तुमच्यावर अवलंबून आहे हे दाखवावं लागतं. न्यूझीलंडच्या रेसिडेन्स अर्जात २४ वर्षांपर्यंतचं मूल चालतं. मात्र ते एकटं, स्वतःला मूल नसलेलं आणि आईवडिलांच्या पैशावर जगणारं हवं. अमेरिकेत रेषा २१ ला आहे. १८ ला दार बंद होतं ते ब्रिटनमध्ये. तिथे पहिल्यांदा अर्ज करताना मुलाला १८ पूर्ण झालेली असतील तर ते आईवडिलांचं अवलंबित म्हणून जाऊ शकत नाही.

वय नेमकं कोणत्या दिवशीचं धरतात?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (कुशल नोकरदारांसाठीच्या ऑनलाइन अर्जपद्धतीत) तुम्ही प्रोफाइल तयार करता, पॉइंट्स येतात, मग एखाद्या फेरीत आमंत्रण येतं, आणि त्यानंतर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. मुलाचं वय गोठतं ते पूर्ण अर्ज त्यांच्याकडे पोचतो त्या दिवशी. प्रोफाइल टाकल्याच्या दिवशी गोठत नाही, आमंत्रणाच्या दिवशीही नाही. समजा मुलीची जन्मतारीख १४ ऑगस्ट २००४ आहे आणि आमंत्रण जूनच्या शेवटी आलं. कागदावर तुम्हाला ऑगस्टच्या शेवटापर्यंत मुदत आहे, पण १४ ऑगस्ट २०२६ ला तिला २२ पूर्ण होतात. म्हणजे तुमची खरी मुदत १३ ऑगस्ट. त्यातही अर्ज पूर्ण हवा. एखादा पोलिस दाखला किंवा फी राहिली म्हणून अर्ज अपूर्ण ठरून परत आला, तर वय गोठलेलं नसतंच. दुसऱ्यांदा पाठवाल तेव्हा ती २२ ची झालेली असेल.

कॅनडातल्या एखाद्या प्रांताकडून नॉमिनेशन (शिफारस) घेऊन जाणाऱ्यांना थोडी सवलत आहे. त्यांच्या बाबतीत प्रांताकडे नॉमिनेशनचा अर्ज केल्याची तारीख धरतात, त्यामुळे काही महिने वाचतात. वय काठावर असेल तर हा रस्ता आधी तपासा.

एकदा गोठलं की मग फाइल दोन वर्षं पडून राहिली तरी वयाचं नुकसान नाही. पण गोठतं ते फक्त वय. लग्न झालेलं नसणं ही अट कायम वास्तव्य मिळेपर्यंत चालूच राहते.

ऑस्ट्रेलियातही असंच गोठतं का?

त्या भरवशावर राहू नका. कॅनडासारखा एक सरसकट नियम तिथे नाही. एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट (आमंत्रणासाठीची सुरुवातीची नोंदणी) टाकल्याने किंवा आमंत्रण आल्याने काहीच पक्कं होत नाही, आणि निर्णयाच्या वेळीही मूल 'कुटुंबाचा सदस्य' या व्याख्येत बसलं पाहिजे. मुलगा २१ च्या पुढे असेल तर तुमच्या व्हिसाच्या उपवर्गात वयाचा हिशेब कसा होतो, हे नोंदणीकृत एजंटकडून लेखी घ्या. फोनवर 'हो हो, होऊन जाईल' ऐकून पैसे भरू नका.

बारावी होऊ दे, मग अर्ज करू. चालेल ना?

मूल १७ चं असेल तर कॅनडा-ऑस्ट्रेलियासाठी चालेल. पण बारावी झाली की सीईटी, मग ॲडमिशन, मग 'आता एवढी इंजिनिअरिंग झाली की जाऊ' असं करत चार वर्षं जातात, आणि मूल २२ चं होतं. माझं मत स्पष्ट आहे: ज्या घरात थोरलं मूल १६ च्या पुढे आहे, त्या घराचं वेळापत्रक वडिलांच्या प्रमोशनवर, फ्लॅटच्या हप्त्यांवर किंवा बारावीच्या निकालावर बेतू नये. ते मुलाच्या जन्मतारखेवर बेतावं. पॉइंट्स पुन्हा वाढवता येतात, आयईएलटीएस पुन्हा देता येते.

१८ च्या आत अर्ज केला तर ऑस्ट्रेलियात आणखी दोन फायदे होतात. अर्जाची फी १८ खालच्या मुलासाठी बरीच कमी असते, आणि इंग्रजीचा पुरावा मागत नाहीत.

'अवलंबून' आहे हे सिद्ध कसं करायचं? आमचंच पोर आहे, आम्हीच पोसतोय!

कॅनडाला हा पुरावा नको आहे. २२ च्या आतलं, अविवाहित, एवढं त्यांना पुरतं.

ऑस्ट्रेलियाला हवा आहे. त्यांची कसोटी अशी की अन्न, वस्त्र, निवारा या मूलभूत गरजांसाठी मूल पूर्णपणे किंवा बहुतांशी तुमच्यावर विसंबून असलं पाहिजे, अर्जाच्या आधी बराच काळ तसं असलं पाहिजे, आणि दुसऱ्या कुणापेक्षा किंवा दुसऱ्या कुठल्या उत्पन्नापेक्षा तुमचा आधार जास्त असला पाहिजे. हे कागदावर दिसायला हवं. कॉलेजचं बोनाफाईड आणि फीच्या पावत्या, त्याही तुमच्या खात्यातून भरलेल्या. रेशनकार्डावर मुलाचं नाव. आधारवर तुमचाच पत्ता. मुलाच्या बँक खात्याचं स्टेटमेंट, ज्यात दरमहा तुमच्याकडून पैसे आलेले दिसतात. मेडिक्लेम पॉलिसीत त्याचं नाव असेल तर तीही लावा.

आपल्याकडे अडचण होते ती रोख पैशांची. 'दर रविवारी हातावर तीन हजार टेकवतो' हे खरं असलं तरी दिसत नाही. आजपासून यूपीआयने किंवा खात्यावर द्यायला लागा.

मुलगी नीटसाठी लातूरला हॉस्टेलवर आहे. वेगळी राहते म्हणून अडेल?

अडत नाही. शिक्षणासाठी घराबाहेर राहणं आणि स्वतःच्या पायावर उभं राहणं यातला फरक अधिकाऱ्याला कळतो. हॉस्टेल आणि मेसच्या पावत्या, क्लासची फी कुणी भरली, सुट्टीत ती घरी येते का, एवढं जोडा. फक्त हॉस्टेलचा पत्ता फॉर्ममध्ये लिहायचा राहू देऊ नका. तिथे दहा वर्षांचा पत्त्यांचा इतिहास मागतात आणि मध्ये महिनाभराची फट पडली तरी प्रश्न येतो.

पोराने ड्रॉप घेतलाय. शिक्षण चालू नसलं तर?

तुमच्याच अर्जात जाणाऱ्या १८ ते २२ वयाच्या मुलाने शिकतच असलं पाहिजे अशी सरळ अट ऑस्ट्रेलियात नाही, अट अवलंबून असण्याची आहे. पण शिकत नाही, नोकरी नाही, मग दिवसभर करतो काय, हे अधिकारी विचारणारच. ड्रॉप घेतलाय तर क्लासची पावती, परीक्षेचं हॉलतिकीट, आधीच्या प्रयत्नाचं गुणपत्रक लावा आणि एक साधं पत्र लिहा. कॅनडात १ ऑगस्ट २०१४ पासून वयोमर्यादा १९ च्या आत आणली होती. २४ ऑक्टोबर २०१७ ला ती पुन्हा २२ च्या आत झाली, आणि शिक्षण चालू असण्याची अट त्यात नाही.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सीएने कर वाचवायला मुलाच्या नावाने पगार दाखवलाय. काही बिघडतं?

बिघडतं, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बऱ्याच घरांची गोष्ट हीच आहे. तीन वर्षं मुलाचं रिटर्न भरलंय, त्यात वर्षाला चार-पाच लाखांचा पगार दिसतोय, आणि इकडे ऑस्ट्रेलियाच्या फॉर्ममध्ये तुम्ही लिहिता की मुलगा आमच्यावर पूर्ण अवलंबून आहे. यातला एक कागद खोटा ठरतो. 'तो पगार नुसता दाखवायला होता' हे सांगायला गेलात तर आयकर खात्याला दिलेला कागद खोटा होता असं तुम्हीच कबूल करता.

इलाज कागद लपवण्यात नाही. असं असेल तर अर्जाच्या खूप आधी सीएबरोबर बसा, पुढच्या वर्षांचा हिशेब वास्तवाशी जुळवा, आणि ऑस्ट्रेलियाचा आग्रह सोडून कॅनडाचा विचार करता येतो का पाहा, कारण तिथे २२ च्या आत मुलाच्या कमाईचा प्रश्न येत नाही. सुट्टीत केलेली छोटी इंटर्नशिप, दोन-चार हजारांचा स्टायपेंड, यांना घाबरू नका. ते लिहा. 'बहुतांशी अवलंबून' या शब्दांत ते मावतं.

मुलीचा साखरपुडा ठरलाय, लग्न पुढच्या वर्षी. व्हिसा येईपर्यंत थांबलो तर?

ऑस्ट्रेलियासाठी साखरपुडाही चालत नाही. त्यांच्या नियमात अवलंबित मूल म्हणजे जोडीदार नसलेलं आणि लग्न न ठरलेलं मूल. म्हणजे दोन्ही घरची माणसं जमून, साखरपुडा होऊन, मंगल कार्यालयाची ॲडव्हान्स भरलेली मुलगी २० वर्षांची असली आणि तुमच्याच घरी राहत असली तरी त्या व्याख्येतून बाहेर जाते. कॅनडात साखरपुड्याने काही होत नाही, लग्न किंवा वर्षभर एकत्र राहिलेलं नातं आड येतं.

काही जण म्हणतात, गुपचूप करू, फोटो टाकणार नाही. पण पाहुण्यांच्या स्टेटसवर कुणाचा ताबा आहे? आणि पुढे त्याच जावयासाठी जोडीदार व्हिसाचा अर्ज करताना नातं कधी सुरू झालं, साखरपुडा कधी झाला, हे तारखेनिशी, फोटोंनिशी तुम्हालाच लिहावं लागतं. तिथे आधीची फाइल उघडते.

जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नाही. नुसतं 'पुरुष' लिहिलंय.

सोलापुरात हे फार दिसतं. दवाखान्यातून महापालिकेकडे नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं, आणि नंतर कुणी नाव चढवायला गेलंच नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात अर्ज देऊन नाव चढवता येतं. शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची ओळखपत्रं लागतात. मूल १५ च्या पुढे गेलं असेल तर तिथे अडतं, आधी विचारून ठेवा. ग्रामीण भागात जन्म झाला असेल तर ग्रामपंचायत. माहेरी बाळंतपण झालं असेल, तर विजयपूर, कलबुर्गी किंवा हैदराबादच्या कार्यालयापर्यंत जावं लागतं आणि दाखला कन्नडमध्ये किंवा तेलुगूत मिळू शकतो. अशा दाखल्याला इंग्रजी भाषांतर जोडा.

भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन आणि पात्रता त्या कागदावर हवी, आणि कॅनडासाठी भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही. आईवडिलांनी किंवा मामाने केलेलं भाषांतर चालत नाही, मामा इंग्रजीचे प्राध्यापक असले तरी.

आडनावं जुळत नाहीत, त्याचं काय?

तेही सारखं होतं. पद्मशाली आणि इतर तेलुगू भाषक घरांत आडनाव एका कागदावर पुढे आणि दुसऱ्यावर मागे असतं. आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, मुलाच्या दाखल्यावर सासरचं. वडिलांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घातलेली १ जून आणि महापालिकेत वेगळीच. लहानसहान फरकाला 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र पुरतं. नाव खरंच बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करा. मुलाचं नाव पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि जन्मदाखला या तिघांवर एकसारखं असणं मी सर्वांत आधी पाहतो, कारण दहावीच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाच्या पुणे विभागाकडे जाते आणि ती कुणाच्या घाईने पुढे सरकत नाही.

पासपोर्ट मुलाचा लहानपणीचा आहे.

अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते. १५ ते १८ वयात १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच घ्या. सोलापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो.

मुलगा सेमी-इंग्रजीत शिकलाय. त्याला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल?

कॅनडात अवलंबित मुलाला नाही. ऑस्ट्रेलियात, अर्जाच्या वेळी १८ पूर्ण असतील तर 'फंक्शनल' इंग्रजीचा पुरावा लागतो. आयईएलटीएसमध्ये सरासरी ४.५ बँड पुरतो. पुरावा न दिल्यास व्हिसा फीचा दुसरा हप्ता म्हणून त्या एका व्यक्तीसाठी जवळपास पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागतात. परीक्षेची फी त्यापुढे काहीच नाही. शिक्षण इंग्रजीतून झालं असेल तर शाळा-कॉलेजचं माध्यमाचं पत्रही चालू शकतं, पण 'सेमी'त गणित आणि विज्ञानच इंग्रजीत असतं आणि मुख्याध्यापकांनी 'माध्यम: सेमी-इंग्रजी' असं लिहून दिलं की अधिकाऱ्याच्या डोक्यात गोंधळ होतो. परीक्षा देऊन टाकावी, हे बरं.

पोलिस दाखला मुलाचाही लागतो का?

कॅनडासाठी १८ वर्षांपासून. ऑस्ट्रेलियात चारित्र्याच्या अटी १६ पासून लागू होतात. आपल्याकडे हा दाखला (पीसीसी) पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मागायचा, मग पडताळणी तुमच्या हद्दीतल्या पोलिस ठाण्यातून होते: विजापूर नाका, सदर बझार, जोडभावी पेठ, जे असेल ते. हद्द शहर आयुक्तालयाची की ग्रामीणची, हे जुळे सोलापूरच्या पुढच्या नव्या वसाहतींत आधी विचारून घ्या.

मंडळाच्या मिरवणुकीत डीजेवरून गुन्हा दाखल झाला होता, त्यात आमच्या पोराचंही नाव आहे. लपवलं तर चालेल?

नाही. गुन्हा लहान आहे, तो लपवणं मोठं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या किंवा जमावबंदीच्या गुन्ह्यात नाव असल्याने सहसा व्हिसा अडत नाही. पण 'तुमच्यावर कधी गुन्हा नोंदला गेला आहे का' या प्रश्नाला 'नाही' लिहिलं आणि नंतर उघड झालं, तर कॅनडात चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी येऊ शकते आणि ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची. ऑस्ट्रेलियात एका सदस्याच्या खोटेपणाचा फटका सगळ्या कुटुंबाला बसतो. एफआयआरची प्रत, न्यायालयाचा निकाल किंवा दंडाची पावती काढा, इंग्रजी भाषांतर लावा आणि पानभर खरं लिहा. खटला चालू असेल तर वकिलाकडून सद्यस्थितीचं पत्र घ्या. आणि हे मुलाला एकट्याला बसवून विचारा. आईसमोर बऱ्याच गोष्टी निघत नाहीत.

मेडिकल कुठे होतं?

त्या देशाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांकडेच. सोलापूरकरांना त्यासाठी बहुधा पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. सगळ्यांची अपॉइंटमेंट एकाच दिवशी घ्या. ११ वर्षांपासून छातीचा एक्स-रे आणि १५ पासून एचआयव्हीची रक्तचाचणी असते, हे मुलाला आधी सांगा. तिथे गेल्यावर कळलं की पोरं बिथरतात आणि घरात नको ते संशय सुरू होतात.

आमचा घटस्फोट झालाय. मुलाला नेताना वडिलांची सही लागेल?

मूल १८ च्या आत असेल तर लागेल. ऑस्ट्रेलियात फॉर्म १२२९, कॅनडात सोबत न जाणाऱ्या पालकाचं प्रतिज्ञापत्र, किंवा ताबा पूर्णपणे तुमचाच असल्याचा न्यायालयाचा आदेश. परस्पर संमतीच्या निकालपत्रात 'मूल आईकडे राहील' एवढंच असतं, परदेशी नेण्याबद्दल अवाक्षर नसतं. तेवढ्यावर अडकू शकतं. वडील सही देत नसतील तर कौटुंबिक न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. १८ पूर्ण झाल्यावर मात्र सहीचा प्रश्न संपतो. वय वाढल्याने काम सोपं होतं अशी या सगळ्या प्रकरणातली ही बहुधा एकच जागा.

भाऊ गेला, त्याच्या मुलाला आम्हीच वाढवलंय. तो १७ चा आहे.

नुसतं वाढवणं पुरत नाही. आणि 'आता दत्तक घेतो' म्हणाल, तर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार १५ पूर्ण झालेल्या मुलाला सहसा दत्तक घेता येत नाही, रूढीने परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. घरात स्वतःचा मुलगा असेल तर त्या कायद्याखाली दुसरा मुलगा दत्तक घेता येतच नाही. व्हिसासाठी घाईने केलेलं दत्तकपत्र परदेशातले अधिकारी सहज ओळखतात. अशा मुलासाठी विद्यार्थी व्हिसाच खरा मार्ग आहे.

मुलगा दिव्यांग आहे, वय २५. त्याला मागे ठेवून कसं जाणार?

दोन्ही देशांत वयाची अट अशा मुलासाठी शिथिल होते. कॅनडात तो २२ च्या आधीपासून शारीरिक किंवा मानसिक स्थितीमुळे तुमच्यावर आर्थिकदृष्ट्या अवलंबून असला पाहिजे. ऑस्ट्रेलियात तो काम करण्यास असमर्थ असला पाहिजे. पण पेच असा की ज्या कागदांनी तो अवलंबित ठरतो, तेच कागद ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य तपासणीत समोर येतात, आणि उपचारांचा खर्च फार होईल असं त्यांना वाटलं तर सगळ्या कुटुंबाचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. तो सोबत येणार नाही असं लिहिलं तरी सहसा त्याची तपासणी टळत नाही. काही उपवर्गांत सूट मागता येते, काहींत नाही. म्हणून इथे उपवर्ग निवडण्याआधी वकील. सिव्हिलमधून घेतलेलं दिव्यांग प्रमाणपत्र आणि जुने उपचारांचे कागद तारखेनुसार लावून मगच त्यांच्याकडे जा.

पोरगं म्हणतं, मी येत नाही. मग नाव वगळायचं?

सोबत येणार नसलं तरी नाव वगळू नका, 'सोबत येत नाही' असं लिहा. कॅनडात न येणाऱ्या मुलाचंही मेडिकल आणि पोलिस तपासणी होते, आणि पैशांचा पुरावा देताना ते मूल कुटुंबात मोजलं जातं. ज्या मुलाचं नाव लिहिलंच नाही, त्याला नंतर कुटुंब म्हणून बोलावण्याचा रस्ता जवळपास बंद होतो.

नकारामागे काय आहे तेही बघा. १८-१९ वर्षांच्या मुलाचं इथे सगळं असतं: वालचंदची ॲडमिशन, गड्ड्याच्या यात्रेतली टोळी, कुणी खास व्यक्ती. आईबाप त्याला न विचारता ठरवतात आणि फॉर्मवर सही करायच्या दिवशी सांगतात. १८ नंतर त्याचा फॉर्म त्याचा असतो, सही त्याची असते. कॅनडात शेड्यूल ए हा फॉर्म प्रत्येक प्रौढाला वेगळा भरावा लागतो, ऑस्ट्रेलियात ४७ए आणि ८० हे फॉर्म मागू शकतात. ते तुम्ही त्याच्या नावाने भरून टाकू नये.

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू आहे. डिग्री इथेच पुरी करून आला तर?

येतं करता. व्हिसा मिळाल्यावर ठरलेल्या तारखेच्या आत एकदा तिथे पाऊल टाकायचं. कॅनडात मुख्य अर्जदाराच्या आधी नाही, त्याच्यासोबत किंवा नंतर. मग परत येऊन शिकायचं. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहणं आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियाच्या कायम व्हिसावर ये-जा करण्याची मुभा पाच वर्षांची असते. राहिलेली दोन वर्षं त्यात आरामात बसतात. अर्धवट डिग्री घेऊन तिकडे गेलं की क्रेडिट सगळे मिळतीलच असं नाही, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या पुढे असलेल्याने इथेच संपवावी असं मी सांगतो.

तिकडे गेल्यावर त्याची कॉलेजची फी?

ऑस्ट्रेलियात कायम रहिवासी झालेल्या विद्यार्थ्याला सरकारी अनुदानाची जागा मिळू शकते, पण फीसाठीचं सरकारी कर्ज मुख्यतः नागरिकांनाच आहे. म्हणजे फी कमी, तरी ती रोख भरायची. ४९१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर विद्यापीठात सहसा परदेशी विद्यार्थ्यांचीच फी लागते. हा आकडा आधी काढा. कॅनडात कायम रहिवाशाला घरच्या विद्यार्थ्यांची फी.

अमेरिकेतल्या भावाने अर्ज केलाय, पंधरा वर्षं होत आली. मुलगी २२ ची झाली. गेली का?

लगेच हताश होऊ नका. २००२ च्या कायद्याने अशा मुलांच्या वयातून, मूळ अर्ज मंजुरीसाठी जेवढे दिवस पडून होता तेवढे दिवस वजा होतात. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत. वजाबाकीनंतर २१ च्या आत आली आणि अविवाहित असली तर बसते, फक्त क्रमांक लागल्यापासून वर्षाच्या आत पुढचं पाऊल टाकावं लागतं.

ब्रिटनमध्ये केअर वर्करची नोकरी मिळतेय. मुलाला नंतर नेता येईल म्हणतात.

११ मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्या केअर वर्करना मुलं-जोडीदार नेणं बंद झालं, आणि २२ जुलै २०२५ पासून तर परदेशातून नवे केअर वर्कर घेणंच बंद झालंय. जो कुणी 'नंतर बघू' म्हणतोय त्याच्याकडून तसा नियम लेखी मागा.

वय निघूनच गेलं तर काहीच उरत नाही?

उरतं, पण महाग. ऑस्ट्रेलियात चाइल्ड व्हिसा २५ च्या आतल्या मुलाला मिळू शकतो, मात्र तिथे पूर्णवेळ शिक्षणाची अट कडक आहे: बारावीनंतर फार खंड न पडता शिकत असलं पाहिजे आणि पूर्णवेळ नोकरी नको. कॅनडात २२ नंतर पालकांनी मुलाला बोलावण्याचा नेहमीचा मार्ग नाही. विद्यार्थी परवाना, मग तिथलं काम, मग त्याचा स्वतःचा अर्ज. सात रस्त्यावर 'वय झालं तरी बसवून देतो, फक्त बोनाफाईडची तारीख जरा मागे घेऊ' असं सांगणारे भेटतात. कॅनडासाठी पैसे घेऊन प्रतिनिधी म्हणून काम करणारा सीआयसीसीचा (तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा) परवानाधारक किंवा तिथला वकील असावा लागतो. ऑस्ट्रेलियासाठी ओएमएआरएचा (तिथल्या एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाचा) नोंदणी क्रमांक विचारा आणि संकेतस्थळावर स्वतः शोधून बघा. क्रमांक विचारल्यावर चहा मागवणाऱ्याकडे फाइल ठेवू नका.

अर्ज गेल्यावर मुलाच्या बाबतीत काय काय कळवायचं?

पत्ता बदलला, कॉलेज बदललं किंवा सुटलं, नोकरी लागली, लग्न ठरलं किंवा झालं, नवा पासपोर्ट आला, गुन्हा नोंदला गेला. ऑस्ट्रेलियात इमीअकाउंटमधून (अर्जाच्या सरकारी ऑनलाइन खात्यातून), कॅनडात वेबफॉर्ममधून. कळवल्याची पावती जपा. आणि मुलाचा ईमेल तपासत चला, कारण बायोमेट्रिक्सचं पत्र कधी कधी तिथेच येऊन पडतं आणि पोरं ईमेल उघडत नाहीत.